जोडीने पहिला परदेश प्रवास : भांडवलाला हात न लावता हिशेब कसा मांडावा?



आपल्या समाजात 'परदेश' हा शब्द नवा नाही. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांतील माणसे आखातात आयुष्य घालवून परतली. त्यांनी पैसे पाठवले, घरे बांधली, बहिणींची लग्ने लावली. पण आपल्याकडे परदेश म्हणजे रोजी, आणि रोजीसाठी गडी एकटा जाणार, असेच समीकरण बनून गेले. नवरा-बायकोने जोडीने चार दिवस दुसरा मुलूख पाहून यावा, हा विचार कारखानदाराच्या नाही तर दुकानदाराच्या घरातच शोभतो असे आपण गृहीत धरले. तीन मशीनवाल्या शिंप्याच्या किंवा चार मागवाल्या विणकराच्या घरात हा विषय निघाला, तर तो हसण्यावारी नेला जातो.

हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. विषय हिशेबाचा आहे आणि हिशेब आपल्याला येतो. अडचण एवढीच की दुकानाचा हिशेब आपण पैशापैशाने करतो आणि घरच्या खर्चाचा मात्र अंदाजाने. अंदाजाने केलेला प्रवास शेवटी भांडवल खातो. सहल सात दिवसांची आणि तिची उधारी दोन वर्षांची, अशी अवस्था झालेली घरे आपल्या पाहण्यात आहेत. म्हणून आजच्या धड्यात एक प्रवास पहिल्या पायरीपासून शेवटच्या पैशापर्यंत मांडून पाहू.

उदाहरण कोणाचे?

समजा, भिवंडीतील एक शिलाई कारागीर आहेत. तीन मशीन, दोन कामगार. बेगम घरी फॉल-पिको आणि बुरख्याचे शिवणकाम करतात. लग्नाला बावीस वर्षे झाली. मुलीचे लग्न झाले, मुलगा हाताशी आला. दोघांनी आजवर अजमेरच्या पलीकडे प्रवास केलेला नाही. त्यांना एकदा परदेश पाहायचा आहे. कर्ज काढायचे नाही, सोने गहाण टाकायचे नाही आणि मालाच्या खरेदीचा पैसा वापरायचा नाही. या तीन अटी पक्क्या. आता पुढचा विचार करू.

पहिली पायरी : देश कोणता?

कमी पैशात जाणाऱ्याने देश निवडताना चार गोष्टी पाहाव्यात. व्हिसाचा खर्च, विमानाचे भाडे, तिथला रोजचा खर्च आणि खाण्याची सोय. या चारही बाजूंनी विचार करता आपल्या जोडप्यासाठी मलेशिया हा देश बरा ठरतो.

व्हिसाचे पाहू. मलेशियाने १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय नागरिकांना ३० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसाची अट काढली. ही सवलत नंतर ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे दोघांचे व्हिसाचे पैसे वाचतात. मात्र अशी सवलत कायमची नसते. इराणने भारतीयांना दिलेली व्हिसामाफी नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवली, कारण नोकरीचे आमिष दाखवून लोकांना तिकडे नेऊन अडकवण्याचे प्रकार वाढले होते. तेव्हा तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर नियम पाहणे हे आपले काम आहे. शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय केले, यावर विसंबू नये.

मुंबईहून क्वालालंपूर सरळ विमानाने साधारण पाच तासांवर आहे. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. खाण्याची चिंता जवळजवळ नाही. हॉटेलवर आणि पाकिटावर तिथल्या सरकारी इस्लामी विकास खात्याचा, म्हणजे 'जाकिम'चा हलाल शिक्का पाहायला मिळतो. नमाजची जागा बाजारात, स्टेशनवर आणि विमानतळावर सापडते. परदेशात पहिल्यांदाच जाणाऱ्या माणसाचा अर्धा गोंधळ जेवण शोधण्यात जातो. तो इथे वाचतो आणि पैसाही वाचतो.

दुसरी पायरी : पासपोर्ट, आणि नावाचा घोळ

पासपोर्टचा अर्ज सरकारच्या पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. ३६ पानी, दहा वर्षांच्या साध्या पासपोर्टचे सरकारी शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळ हवा असल्यास २,००० रुपये जादा. आपल्याला तत्काळची गरज नाही, कारण आपण दीड-पावणेदोन वर्षे आधी सुरुवात करणार आहोत. घाईला जास्त पैसे पडतात, हा नियम मालाच्या खरेदीप्रमाणे इथेही लागू आहे.

खरी अडचण नावात येते. आपल्या घरांत आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि रेशन कार्डावर तिसरे असते. कुठे 'शेख' पुढे, कुठे मागे. बायकांच्या नावापुढे कुठे 'बी' लागते, कुठे 'बेगम', कुठे 'बानो', तर कुठे काहीच नाही. लग्नानंतरचे नाव आणखी वेगळे. पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी दोघांचे आधार, पॅन आणि जन्माचा पुरावा समोर ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून पाहा. न जुळल्यास आधी दुरुस्ती करा, मग अर्ज. विमानाचे तिकीटही पासपोर्टवरच्या अक्षरांप्रमाणेच काढायचे. एका अक्षराच्या फरकासाठी विमान कंपनी दुरुस्तीचे पैसे घेऊ शकते किंवा दारातूनच परत पाठवू शकते.

पासपोर्टवर नाव आणि आडनाव अशी दोन्ही खानी भरलेली असावीत. एकेरी नावाच्या पासपोर्टवर काही देश हरकत घेतात. २०२२ च्या नोव्हेंबरात संयुक्त अरब अमिरातीने एकेरी नावाच्या भेटी व्हिसावाल्या प्रवाशांना अटकाव केला होता, हे लक्षात ठेवावे.

आणखी एक मुद्दा. आपल्यापैकी बरेच कारागीर दहावी झालेले नाहीत. त्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा येतो. तो पाहून काही जण घाबरतात, आणि काही दलाल मुद्दाम घाबरवून पैसे काढतात. हा शेरा असलेल्या माणसाने मलेशियासह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे असेल तर सरकारची परवानगी लागते. सहलीला जाताना ती लागत नाही. मात्र मुंबई विमानतळावरचा अधिकारी अशा प्रवाशाची जास्त विचारपूस करू शकतो. परतीचे तिकीट आणि हॉटेलची पावती हातात असली आणि खरे उत्तर दिले, की काम भागते.

तिसरी पायरी : केव्हा जावे?

हे उत्तर आपल्या गल्ल्यात आहे. शिलाईवाल्याचा हंगाम रमजानपूर्वी आणि लग्नसराईत. त्या दिवसांत दुकान बंद ठेवून सहलीला जाणे म्हणजे तिकिटाच्या किमतीत बुडालेला धंदा मिळवणे. मागील दोन वर्षांचा रोजमेळ काढा. कोणत्या पंधरवड्यात सर्वांत कमी आवक झाली, त्यावर खूण करा. तोच आपला प्रवासाचा काळ. चांद्र वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते, तेव्हा पुढच्या वर्षीची ईद कोणत्या महिन्यात येते हेही मोजा.

मग तिकडचे पाहा. मलेशियात ईद, चिनी नववर्ष आणि शाळांच्या सुट्ट्यांत गाड्या व खोल्या भरलेल्या असतात आणि दर चढतात. पूर्वेकडील किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून पुढचे काही महिने जोराचा पाऊस असतो. आपण पश्चिम बाजूला जाणार, म्हणून त्याचा त्रास कमी.

तिकीट दोन-तीन महिने आधी, आठवड्याच्या मधल्या वारी पाहावे. स्वस्त विमान कंपन्या हातात बहुधा सातच किलो सामान नेऊ देतात. बॅगेचे पैसे वेगळे असतात आणि ते विमानतळावर भरल्यास जास्त पडतात. म्हणून तिकिटाची तुलना करताना 'भाडे अधिक बॅग' अशी करावी. नुसते भाडे पाहणारा फसतो.

चौथी पायरी : अंदाजपत्रक

आता पेन हातात घ्या. सहा रात्री, सात दिवस, दोन माणसे. मलेशियाचे चलन रिंगिट. या लेखापुरता एका रिंगिटला २४ रुपये असा थोडा चढा भाव धरला आहे. खर्चाचा अंदाज नेहमी चढ्या भावाने आणि आवकीचा उतरत्या भावाने करावा. पुढील आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या दिवशीचा भाव आणि भाडे घालून ते बदलावेत.

तिकडचा खर्च, रिंगिटमध्ये :

१. राहणे : साध्या स्वच्छ खोलीचे ११० आणि परदेशी पाहुण्यांवरील पर्यटन कर १०, असे रोजचे १२०. सहा रात्रींचे ७२०.
२. जेवण : माणशी रोज ४०. दोघांचे सात दिवसांचे ५६०.
३. प्रवास : विमानतळ बस, शहरातील रेल्वे, पिनांगला जाणे-येणे मिळून ४००.
४. संग्रहालय वगैरे प्रवेश : १००.
५. फोनचे सिम : ४०.

एकूण १,८२० रिंगिट. रुपयांत ४३,६८०.

इकडचा खर्च, रुपयांत :

६. दोन पासपोर्ट : ३,०००.
७. दोघांचे जाण्या-येण्याचे विमान भाडे, बॅगेसह, माणशी २२,००० धरून : ४४,०००.
८. दोघांचा प्रवास विमा : १,५००.
९. घर ते मुंबई विमानतळ, जाणे-येणे : २,५००.
१०. भेटवस्तू : ६,०००.

दोन्ही मिळून १,००,६८० रुपये. यावर अडीनडीसाठी १५,००० वेगळे. एकूण १,१५,६८०. आपण १,१६,००० धरू.

हा आकडा पाहून दचकू नका. तो वीस महिन्यांत भागा. महिन्याला ५,८०० रुपये. महिन्याचे २६ कामाचे दिवस धरले तर दिवसाला २२३ रुपये. तीन मशीन आणि बेगमची फॉल-पिकोची आवक मिळून हे २२३ रुपये रोज बाजूला निघतात की नाही, एवढाच प्रश्न उरतो. निघत असतील तर बेत पक्का. निघत नसतील तर मुदत तीस महिन्यांची करा, दिवसाला दीडशेच्या आत येईल. तेही जमत नसेल तर सध्या बेत सोडा. प्रवास फर्ज नाही. दुकान चालणे आणि देणेकऱ्याचे पैसे वेळेवर देणे ही जबाबदारी आहे.

अंदाजपत्रकात सर्वांत आधी कात्री कुठे लावाल? बहुतेक लोक अडीनडीची रक्कम कापतात. ती कधीच कापू नये. भेटवस्तू कापा, एक रात्र कमी करा. विमाही कापू नका. परदेशी माणसाला खासगी दवाखान्यात उपचार घ्यावे लागले तर सहलीइतका खर्च एका रात्रीत होऊ शकतो.

पाचवी पायरी : पैसा साठवायचा कुठे?

गल्ल्यात नाही. गल्ल्यातला पैसा हा मालाचा पैसा असतो. सूतवाला, बटणवाला दारात आला की तो जातो. बेगमच्या नावावर बँकेत वेगळे खाते असावे आणि रोजचे २२३ रुपये आठवड्याला एकदा त्यात जमा व्हावेत. त्यांची स्वतःची आवकही त्यात असेल, तर खात्यावर हक्क त्यांचा आणि लक्षही त्यांचे. अनुभव असा आहे की पुरुषाच्या खात्यातील शिल्लक धंदा ओढून घेतो आणि स्त्रीच्या खात्यातील शिल्लक टिकते.

भिशीचा मार्ग आपल्या बाजारात जुना आहे. ओळखीच्या वीस जणांची, बिनव्याजी, महिना ५,८०० रुपयांची भिशी असेल तर वीस महिन्यांनी नेमके १,१६,००० हातात येतात. पण दोन पथ्ये पाळा. एक, अनोळखी माणसाच्या किंवा 'जास्त परतावा' सांगणाऱ्या भिशीत शिरू नका. दोन, आपला नंबर शेवटच्या काही महिन्यांत घ्या. पहिल्याच महिन्यात भिशी उचलून सहलीला जाणे म्हणजे कर्ज काढून जाणेच होय. परत आल्यावर एकोणीस हप्ते भरायचे राहतात आणि त्यात एक मंदीचा महिना आला की नाव खराब होते.

'आता फिरा, पैसे नंतर हप्त्याने भरा' अशा जाहिराती हल्ली फोनवर येतात. त्यात व्याज असते. आपल्यासाठी ते हराम आहे ही गोष्ट तर आहेच. पण निव्वळ धंद्याच्या नजरेने पाहिले तरी, ज्या खर्चातून एक पैसाही परत येणार नाही, त्यासाठी व्याज भरणे हा तोट्याचा सौदा आहे.

हिशेबाची आणखी एक शिस्त. हा खर्च दुकानाच्या खर्चात लिहू नका. दुकानातून घेतलेली रक्कम मालकाची 'उचल' म्हणून लिहा. सहल घरची, तर खर्चही घरचा. तो धंद्याचा खर्च म्हणून दाखवणे कायद्यानेही चूक आणि अमानतदारीच्या दृष्टीनेही.

सहावी पायरी : चलन आणि कर

सगळा पैसा रोखीत नेऊ नका आणि सगळा कार्डावरही ठेवू नका. रिझर्व्ह बँकेच्या परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा बँकेतून काही रिंगिट रोख घ्यावेत आणि बाकीचे परकीय चलनाच्या कार्डावर भरावेत. पावती घ्यायला विसरू नका. विमानतळावरच्या खिडकीवर भाव बहुधा वाईट असतो, म्हणून हे काम शहरातच उरकावे. नेहमीच्या बँक कार्डावर परदेशात खर्च केल्यास बँक वर काही टक्के आकारते. तो दर आधी विचारा. तिकडे दुकानदाराने मशीनवर 'रुपयांत घेऊ की रिंगिटमध्ये?' असे विचारले, तर रिंगिट सांगा. रुपये सांगितले की भाव मशीनवाल्याचा लागतो आणि तो आपल्या तोट्याचा असतो.

जे टूर कंपनीचे पॅकेज घेतात, त्यांच्याकडून कंपनी पॅकेजच्या रकमेवर 'टीसीएस' नावाचा कर आगाऊ घेते. हा पैसा बुडत नाही. पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर देय करात वळता होतो किंवा परत मिळतो. जे विवरणपत्र भरत नाहीत त्यांचा मात्र तो अडकतो. पॅकेजचा भाव विचारताना 'कर धरून किती?' असे स्पष्ट विचारा.

सातवी पायरी : उतरताना काय दाखवायचे?

व्हिसा नाही म्हणजे तपासणी नाही, असा अर्थ काढू नका. पासपोर्टची मुदत पुढे किमान सहा महिने असावी. परतीचे तिकीट, राहण्याची नोंद आणि खर्चापुरता पैसा यांचा पुरावा कागदावर छापून जवळ ठेवा. फोनची बॅटरी संपली तर कागद कामाला येतो. उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत मलेशियाचे डिजिटल आगमन कार्ड संकेतस्थळावर भरावे लागते. ते मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत.

आता अत्यंत महत्त्वाचे. कोणी दलाल म्हणाला, 'व्हिसा लागत नाही, सहलीच्या नावाने जा, तिकडे शिलाईच्या कारखान्यात लावून देतो', तर त्याला दारातच सलाम करा. भेटीवर गेलेल्याला तिथे काम करण्याची परवानगी नाही. पकडला गेल्यास अटक होते आणि पुन्हा प्रवेश मिळत नाही. तसेच कोणाचीही पिशवी, डबा, पाकीट 'माझ्या भावाला द्या' म्हणून नेऊ नका. अमली पदार्थांबाबत मलेशियाचा कायदा फाशीपर्यंत जातो. पिशवी ज्याच्या हातात, गुन्हा त्याच्यावर. स्वतःची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात ठेवावीत.

आठवी पायरी : सात दिवसांचा बेत

पहिला दिवस पोहोचण्याचा. विमानतळ शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरहून अधिक दूर आहे. झटपट रेल्वे अर्ध्या तासात नेते पण महाग पडते. बस तासाभराची आणि कितीतरी स्वस्त. दोघे असल्याने बचत दुप्पट. खोली शहर रेल्वेच्या स्टेशनपासून चालत जाता येईल अशा ठिकाणी घ्यावी. वीस रिंगिट स्वस्त पण लांबची खोली रोज टॅक्सीत चाळीस खाते.

दुसऱ्या दिवशी जुने शहर. दोन नद्यांच्या संगमावर १९०९ साली बांधलेली मस्जिद जामेक आहे आणि तिच्याच नावाचे रेल्वे स्टेशन आहे. जवळच मस्जिद इंडियाचा कापडबाजार. शिंप्याने तिथे अर्धा दिवस काढावा. १८८८ मध्ये मंडई म्हणून सुरू झालेल्या सेंट्रल मार्केटमध्ये आता हस्तकलेची दुकाने आहेत. तिसऱ्या दिवशी १९६५ साली उघडलेली राष्ट्रीय मस्जिद आणि शेजारचे इस्लामी कला संग्रहालय पाहावे. संध्याकाळी ४५२ मीटर उंचीचे जुळे मनोरे खालच्या बागेतून पाहावेत. वर चढण्याचे तिकीट मोठे आहे, बागेत बसायला पैसे पडत नाहीत.

चौथ्या दिवशी रेल्वेने चार-सव्वाचार तासांत बटरवर्थ आणि तिथून बोटीने पिनांग बेटावरील जॉर्ज टाऊन. या गावाची नोंद २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात झाली. इथली कपितान केलिंग मस्जिद १८०१ च्या सुमारास हिंदुस्थानातून आलेल्या मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभारली. ती पाहताना, आपल्याआधी दोनशे वर्षांपूर्वी हीच वाट व्यापाऱ्यांनी शिडाच्या जहाजातून केली, हे मनात येते. 'नासी कांदार' हा इथला प्रसिद्ध भात-सालण तमिळ मुसलमानांनी रूढ केला. कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. कावडीत भात आणि सालण घेऊन ते गोदी कामगारांना विकत. कष्टकऱ्याचे जेवण असल्याने आजही ते परवडते. पाचवा दिवस पिनांगमध्ये पायी फिरण्याचा, सहाव्याला बसने क्वालालंपूर, सातव्याला परत.

व्यापाऱ्याची नजर

सहल असली तरी डोळे उघडे ठेवायला बंदी नाही. मेणाने रंग अडवून केलेले बाटिक आणि जरीकाठाचे सोंगकेत विणकाम जवळून पाहा. सोंगकेतला २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. आपल्या हिमरू आणि पैठणीच्या विणकरांनी पाहावे की तिथे कारागिराची वस्तू कशी मांडतात, किंमत कशी लिहितात आणि उरलेल्या तुकड्यांचे काय करतात. वही ठेवा. रोज संध्याकाळी पाच ओळी लिहा.

पण विक्रीचा माल बॅगेत नेऊ नका आणि बॅग भरून माल आणूही नका. प्रवाशाची सवलत घरच्या वापराच्या वस्तूंसाठी असते. तिची मर्यादा वेळोवेळी बदलते, निघण्यापूर्वी पाहून घ्या. मागवण्याजोगा माल दिसला तर व्यापाऱ्याचे कार्ड आणि भाव घेऊन या. घरी येऊन विदेश व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक काढा. त्याचे शुल्क ५०० रुपये आहे. मग रीतसर मागणी करा.

समारोप

आपल्या जोडप्याच्या हिशेबात एक रक्कम लिहिलेली नाही. बावीस वर्षे ज्या बाईने मशीनच्या आवाजात घर चालवले, तिच्या हातात तिच्या स्वतःच्या नावाचा पासपोर्ट येतो. तो दहा वर्षे चालतो. उद्या उमरा करायचा ठरला, तर निम्मी तयारी आधीच झालेली असेल. आणि ज्या घराने वीस महिने रोज २२३ रुपये बाजूला काढण्याची सवय लावली, ते घर सहलीनंतरही तीच सवय ठेवू शकते. एकविसाव्या महिन्यापासून तोच पैसा चौथ्या मशीनसाठी जमवावा. या धड्याचा खरा नफा तोच आहे.

घरी करून पाहा

१. मागील दोन वर्षांच्या रोजमेळातून सर्वांत मंद पंधरवडा शोधा.
२. दोघांचे आधार, पॅन व जन्मदाखला जुळवून फरक कागदावर लिहा.
३. वरचे दहा कलमी अंदाजपत्रक आजच्या भावाने नव्याने मांडा आणि रोजची रक्कम काढा.
४. ती रक्कम तीन महिने प्रत्यक्ष बाजूला काढून पाहा. जमली तरच पासपोर्टचा अर्ज भरा.

हे चार प्रश्न नवरा-बायकोने एकत्र बसून सोडवावेत. एकट्याने सोडवल्यास उत्तर चुकण्याची शक्यता आहे.